मांडीवरची दोन बोटं

उल्कावीराने गुंडाला कॉलर धरून उचललं आणि लोखंडी शटरवर असं आपटलं की त्याचं कोपर उलटं वाकलं. कडाड. मग नाक. मग एका हाताने गळा धरून त्याला हवेत लटकवलं. लटकलेल्या गुंडाचा धड राहिलेला हात मांडीवर गेला आणि दोन बोटं वाजली. टक टक. जरा थांबून परत टक टक.

"हा बघा, आण्णा, हाच ग्लिच," प्रज्योत म्हणाला. "सकाळपासून तीनशे तक्रारी. कन्सोलवर असलं काही नव्हतं. तुमची सवय आहे का ही? तेवढं सांगा, काढून टाकतो."

रावसाहेब चौगुले खुर्चीत बसायचेच राहिले. तीस वर्षं कोल्हापूरच्या सिनेमात मार खाल्लेला माणूस. कान चपटा, पुढचे दोन दात खोटे. 'उल्कावीर' या व्हिडिओ गेममधले सगळे गुंड म्हणजे तेच होते.

हल्ली खेळातला गुंड कोणी हाताने चितारत बसत नाही. एखाद्या फायटरच्या डोक्यावर तारांची टोपी घालतात, गादीवर आठ दिवस त्याला खराखुरा मार देतात, आणि त्याचा मेंदू कुठे घाबरतो, दात कसे वाचवतो, याची नक्कल उतरवून घेतात. त्या नकलेला म्हणतात ठसा. ठसा आत घातला की गुंडाला काही शिकवावं लागत नाही. तो आपोआप खऱ्यासारखा मार खातो.

खेळ आधी कन्सोलवर आला होता, म्हणजे टीव्हीला जोडायच्या डब्यावर. तो साध्या कॉम्प्युटरवर चालता करायचं काम कंपनीने प्रज्योत मगदूमला दिलं. वय चोवीस, कॉलेज नाही, सगळं व्हिडिओ बघून शिकलेला. आठ महिने इचलकरंजीतल्या एका बंद माग-शेडमध्ये बसून त्याने ते केलं. आज सकाळी दहाला खेळ बाहेर पडला. भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडा पळत होता: खेळणारे एक्केचाळीस हजार.

"ग्लिच न्हाई ते," रावसाहेब म्हणाले. "आमची फायटरांची खूण हाय. तोंडानं बोललं तर शॉट वाया जातो. म्हणून मांडीवर दोन बोटं. म्हंजे खरंच लागलंय, ॲक्टिंग न्हाई. समोरचा कितीबी वैरी असू दे, सोडतोच. थांबव ते!"

प्रज्योतने पॉज दाबला. चित्र गोठलं. गळा मुठीत, कोपर उलटं, बोटं अर्ध्यात.

"हां. इसावू दे जरा त्याला." रावसाहेब आता कुठे बसले. चहा आला होता, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. "दुखतंय का रं त्याला?"

"आण्णा, तो म्हणजे नुसती गणितं आहेत."

"गणितं खूण कुणाला करत्यात मग?"

प्रज्योतने मान खाजवली. "कसंय, ठशाकडे घड्याळ नसतं. चित्र हलतं ना, त्याच्या एकेका पायरीला फ्रेम म्हणतात. तीस फ्रेम गेल्या की ठशाला वाटतं, एक सेकंद गेला. कन्सोल सेकंदाला तीसच फ्रेम दाखवायचा. बुक्की बसली, मेला, पुसला. कळायच्या आत खलास. पण पीसीवाल्यांना एकदम गुळगुळीत चित्र लागतं. मी तिसाचं कुलूप काढलं. आता दोनशे चाळीस जातात."

"म्हंजे?"

"आपला एक सेकंद, त्याचे आठ."

रावसाहेबांनी आपलंच कोपर चोळलं. "मला काढ त्यातनं."

"आण्णा, सगळे गुंड तुम्हीच. तुम्हाला काढलं तर उल्कावीर मारणार कुणाला?"

"तुझ्या बापाला!"

मग जुंपलीच. रावसाहेब म्हणाले कुलूप परत लाव. प्रज्योत म्हणाला, कंपनीचे साहेब मला लाथ घालून हाकलतील, लोक लिहितायत की पीसीवरचे गुंड जिवंत वाटतात. रावसाहेबांनी टेबलावर हात आपटला, कप पडला, चहा कीबोर्डवरून खाली गेला. "लेका, मी मार इकला. मी जीव इकला न्हवता!"

वीस मिनिटं झाली असतील. प्रज्योतच नरमला. "लावतो," म्हणाला आणि चहा पुसायला वाकला. तेव्हा त्याची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यावर गेली. फ्रेम, सेकंदाला: नऊ हजार.

त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

कन्सोलवर पॉज दाबला की डबा सगळंच झोपवतो. पीसीवर ते काम लिहिणाऱ्याचं असतं. प्रज्योतने चित्र थांबवलं होतं, हातपाय थांबवले होते. ठसा मात्र त्याने वेगळा चालवला होता, चित्र अडखळू नये म्हणून. त्याचा त्याला अभिमान होता. आता चित्र काढायचं ओझंच नव्हतं, तर रिकाम्या फ्रेम पळत होत्या आणि ठसा मोकाट सुटला होता. नऊ हजार भागिले तीस. तीनशे पट.

"काय झालं रं?"

"आण्णा... तो थांबलाच नव्हता. आपण भांडत होतो ना, तेवढ्यात त्याचे चार दिवस गेले. वर चार तास. तसाच. गळा धरलेला."

त्याने पॉज काढला. गुंडाची बोटं मांडीवर होती. वाजली नाहीत. डोळे उघडे होते आणि कशाकडेच बघत नव्हते.

"दे इकडं," रावसाहेब म्हणाले. माउस त्यांनी आयुष्यात धरला नव्हता. प्रज्योतने बटण दाखवलं. उल्कावीराने मान पिरगाळली, गुंड पडला, पुसला गेला. रावसाहेबांचा हात नंतरही बटणावर दाबलेलाच होता.

"बाकीच्यांचं काय?"

खेळ ज्याच्या त्याच्या घरी चालू होता. इथून बंद करता येत नव्हता. दुरुस्ती पाठवायला चार तास तरी जाणार. प्रज्योतने भिंतीकडे बघितलं. दुपारचा एक वाजून गेला होता. खेळणारे पस्तीस हजार. पॉजवर सहा हजार. सहा हजार शंभर. लोक जेवायला उठत होते.

सगळ्यांच्या स्क्रीनवर जाणारा एकच निरोप त्याला पाठवता येत होता. त्याने टाइप केलं: "कृपया पॉज करू नका. गुंड हातात असेल तर लगेच ठार मारा."

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं.

"भारी जाहिरात, भावा! लटकवून ठेवलाय. जेवून येतो."