मागच्या फळीवरची मोटार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामा-मामींच्या बाबतीत घडलेलं आहे हे. साल १९६१, जानेवारी महिना, बंगळूरचं बसवनगुडी. आणि रात्री-बेरात्री नाही. रविवारी, दिवेलागणीच्या जरा आधी.

दामोदरमामा मूळचे मालवणचे. बंगळूरला एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. नोकरी चांगली, हवा चांगली, पण समुद्र नाही. पाण्यावाचून त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

म्हणून आनेकलजवळच्या एका तळ्याकाठी कलंडून पडलेली जुनी होडी दिसली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. होडी मल्लाप्पा नावाच्या शेतकऱ्याची. तिच्या मागच्या फळीला एक गंजकी मोटार बसवलेली होती. दोरी ओढून सुरू करायची, खाली पाण्यात पंखा फिरणारी.

मामांना ती नकोच होती. त्यांना शिडाची होडी करायची होती.

"मोटार काढू नका, अण्णा," मल्लाप्पा म्हणाला. "फळ्या बदला, रंग द्या. मोटार राहू द्या."

मामांनी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये कारण विचारलं. तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

होडी लॉरीतून बसवनगुडीला आली. घरामागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर चढली. मामा कारखान्यातून आले की चहा घेऊन थेट तिच्याकडे. प्रमोदिनीमामीही पदर खोचून मदतीला. शेजारीपाजारी हसायचे, की तळं कुठे आणि होडी कुठे.

अंगणातल्या नारळावर रोज कावळ्यांची शाळा भरायची.

होडी आली, आणि...

एकही कावळा फिरकेना.

मग मामींना स्वयंपाकघरात आवाज यायला लागला. चुबुक... चुबुक... लाकडावर पाणी आपटतं तसा.

बाहेर येऊन पाहावं, तर होडी कोरडी ठणठणीत.

मामा म्हणाले, लाकूड वाळतंय, म्हणून वाजतं.

त्या रविवारी त्यांनी मोटार काढायला घेतली. स्क्रू गंजून फळीशी एकजीव झाले होते. रॉकेल ओतून, हातोडीने ठोकून ठोकून एकदाचे सुटले. मामी होडीतच होत्या, पुढच्या टोकाला, जुना रंग खरवडत.

मामांनी मोटार कशीबशी उतरवली आणि ओढत ओढत अंगणातल्या विहिरीपाशी नेऊन पोत्यावर ठेवली.

आता मागचा भार गेला, म्हणजे मागचं टोक हलकं व्हायला हवं. कोणीही सांगेल.

पण...

मागची घोडी करकरली. टोक खाली दबलं.

जसं कोणी येऊन मागच्या बाकावर बसावं.

मामांना वाटलं, घोडी सरकली. वाकून पाहिलं. घोडी जागच्या जागी होती.

आणि मग...

खर्रर्र.

दोरी ओढल्याचा आवाज. मोटार विहिरीपाशी होती. आवाज होडीतून येत होता.

खर्रर्र... खर्रर्र...

नसलेली मोटार कोणीतरी सुरू करत होतं.

"प्रमोदिनी, उतर बघू खाली," मामा म्हणाले.

मामींनी मान वर केली. पण मामांकडे पाहिलं नाही. कपाळावर आडवा हात धरून त्या लांब कुठेतरी पाहत राहिल्या.

"अहो, कुठे आहात?"

मामी चार हातांवर होत्या. आवाज मात्र...

पार तळ्याच्या पलीकडून आल्यासारखा.

मामांनी त्यांचा दंड धरला. गार, ओला. ओढलं तर मामी हलेनात. आणि घोड्यांवरची ती होडी सावकाश डुलायला लागली. मामा नाव घेऊन हाका मारत होते. मामींचा आवाज आणखी लांब, आणखी बारीक होत चालला होता.

मामांना काय सुचलं, देव जाणे. ते विहिरीकडे धावले. दोन माणसांनी उचलायची ती मोटार एकट्याने उचलून आणली, फळीवर चढवली, नुसत्या हातांनी स्क्रू आवळले. बोटं सोलून निघाली. आणि तेवढा वेळ त्यांच्या तोंडावर कोणाचा तरी श्वास येत होता.

शेवाळाच्या वासाचा.

शेवटचा स्क्रू बसला.

होडी थांबली.

मामी खाली उतरल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मामा होडी परत घेऊन गेले. मल्लाप्पाने एका शब्दाने काही विचारलं नाही. मोटार हलवून पाहिली, घट्ट आहे ना याची खात्री केली. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि वळला.

मामा पुढे कधी पाण्यात उतरले नाहीत. मालवणला गेले तरी नाही.

मामी त्या दिवसाबद्दल एकदाच बोलल्या. मामा वारल्यानंतर, माझ्याशी. मी विचारलंही नव्हतं.

"चहूकडे पाणी होतं. माझ्या पाठीशी कोणीतरी बसलं होतं, पण वळून बघायचा धीर होईना. आणि ह्यांची हाक येत होती... दोन्ही काठांवरून. दोन्हीकडे ह्यांचाच आवाज. तसूभर फरक नाही. शेवटी मी एका काठावर उतरले."

मामींनी भिंतीवरच्या मामांच्या फोटोकडे पाहिलं.

"संसार चांगला झाला रे," मामी म्हणाल्या. "पण दुसऱ्या काठावर ते अजून मला हाक मारत असतील, तर?"