सहावा धडा सोमवारी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या एक्केचाळीस जीवरक्षकांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ एकदम अडले. खालची पट्टी बोटाने कितीही ढकला, पुढे सरकेना. दहाच्या आत कर्जतच्या प्रशिक्षण कार्यालयात सव्वीस फोन आले. एक जण मात्र स्वतः आला.

"मॅडम, व्हिडिओ पुढं जात नाय."

"जाणार नाही. मीच बंद केलंय," हर्षला मान वर न करता म्हणाली.

मग मान वर केली... आणि पुढचं वाक्य राहूनच गेलं. दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. केस ओले, हातात हेल्मेट. बाहेर श्रावणाची भुरभुर चालली होती, पण त्याच्या अंगाला वास येत होता तो पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनचा.

तो देवेश. राहायला कोंडाण्याला, कामाला कळंबच्या एका रिसॉर्टवर. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम. या महिन्याअखेर ऑनलाइन प्रशिक्षणाचे सहा धडे पुरे केले नाहीत, तर ते काम जाणार होतं.

मागच्या खेपेला सगळ्यांनी सहा तासांचे धडे पट्टी ढकलत एका दुपारीच उरकले होते. परीक्षेत निम्म्यांना पहिला प्रश्नही आला नाही. म्हणून या वेळी प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या हर्षलाने पट्टीच बांधून टाकली. दर तीन मिनिटांनी एक प्रश्न, उत्तराला तीस सेकंद. चुकलं तर धडा पहिल्यापासून. कामाच्या एका दिवसाला एकच धडा.

"मी लहानपणापासनं नदीत पोहतोय मॅडम. मला काय शिकवणार?"

"बुडालेल्याला बाहेर काढलात. पुढे?"

"पालथा घालायचा, पोट दाबायचं. पाणी भाईर."

"चूक. पोट दाबायचं नसतं. धडा तिसरा."

तो हसला. "व्हिडिओतली बाईपण अशीच रागवते. लय कडक."

"ती मीच आहे."

"तरीच!" तो म्हणाला, आणि कान धरले.

कोंडाण्यात त्याच्या घरी रेंज येत नव्हती. म्हणून रोज साडेपाचला, कामावरून परतताना, तो कार्यालयातल्या संगणकावर एक धडा बघायला लागला. हर्षलाला त्याच्या मोटारसायकलचा आवाज कळू लागला. तो आवाज खालच्या औषधाच्या दुकानापाशी थांबायचा, मग जिन्यावर पावलं... आणि ती उगाचच टेबलावरचे कागद सारखे करायची.

बुधवारी तिच्या आईचा फोन आला. रविवारी चारला खोपोलीचे पाहुणे तिला बघायला येणार. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं चांगली. "साडी नेस गं, ड्रेस नको." हर्षला बरं म्हणाली. त्या दिवशी तिला त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवारी तिसरा धडा. सरावासाठी रबराचा पुतळा होता. देवेशने त्याच्या छातीवर तळहात ठेवले.

"कोपर ताठ," ती म्हणाली. वाकलेलंच राहिलं, तेव्हा तिने दोन बोटांनी ते सरळ केलं. "मोजा."

"एक... दोन... तीन..."

पाऊस थांबला होता. खिडकीतून माथेरानच्या डोंगरावरचं धुकं हळूहळू खाली उतरताना दिसत होतं. तो मोजत होता, ती ऐकत होती. तीसला थांबायचं असतं. तो एकतीस म्हणाला, बत्तीस म्हणाला... दोघांपैकी कुणी थांबवलं नाही.

"समोरच्या माणसाला त्रास होईल," ती शेवटी म्हणाली.

"समोरचा माणूस रबराचा हाय. त्रास मलाच होतोय."

निघताना जिन्यावरून तो म्हणाला, "सहावा धडा झाला ना, की एक सांगायचंय तुमाला."

"आत्ता सांगा."

"नाय. रांगेनं."

शनिवारी पाचवा धडा संपला. सहावा सोमवारी उघडणार होता. मध्ये रविवार. हर्षलाने संगणक स्वतःकडे वळवला. एक्केचाळीस जणांना आठवडाभर नाही म्हणणारी ती, एका बटणावर बाण नेऊन थांबली.

"काय करताय?"

"सहावा उघडतेय."

देवेशने माऊसवर हात ठेवला. पाण्याने सुरकुतलेली बोटं, गार. "नको मॅडम. सगळ्यांना एक नियम."

"अरे, पण रविवार मधी हाय ना!"

कार्यालयात हाय-नाय कधी न बोलणारी ती बोलून गेली. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि तिचे डोळे बघून तिथेच मावळलं.

"रविवारी काय हाय?"

"मला बघायला येतायत. चारला."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेंपो मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत राहिली. पिपाणी थांबली, तसा देवेशने माऊसवरचा हात काढला.

"धडा मी सोमवारीच बघीन," तो म्हणाला. "बोलायचं ते आज बोलतो. तलावाकाठी बसलो की दिवसभर तुमचा आवाज कानात असतो. कुणाचं पोर खोल पाण्याकडं गेलं, की आधी तुमी ओरडता... मंग मी. आवडता तुमी मला. झालं."

हर्षला खिडकीकडे बघत राहिली.

"तीस सेकंद संपली," तो हळूच म्हणाला. "आता पहिल्यापासनं?"

"हो."

"चालंल. मॅडम, व्हिडिओ पुढं जात—"

ती हसली, आणि हसतानाच डोळे पुसले. "उद्या आईला घेऊन घरी ये. चारच्या आत."

रविवारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी केळवलीत हर्षलाच्या घरच्या ओटीवर देवेश आणि त्याची आई मोतीबाई बसली होती. मोतीबाईंनी पिशवीतून घरची काकडी काढून ठेवली होती. देवेशचे केस कधी नव्हे ते कोरडे होते. आत हर्षलाच्या आईने पोह्यांवर खोबरं पेरलं आणि कुजबुजली, "खोपोलीची माणसं लवकर कशी आली गं?"

"ही कोंडाण्याची हायेत."

"आन ती कशाला?"

हर्षलाने पदर सारखा केला आणि पोह्यांचा ट्रे उचलला.

"अगं, ते पाहुण्यांचे पोहे!"

"हेपण पाहुणेच हायेत आई."

ट्रे घेऊन ती ओटीवर आली. खोपोलीची गाडी तेव्हा फाट्यापर्यंत पोचली होती.