नागझरीच्या माशांचा उपास

चतुराची आणि त्याची पहिली गाठ पडली ती भांडणानंच.

थंडी सरत आली होती. खुलताबादच्या डोंगराखालचा नागझरी तलाव नुकता कुठं जागा होत होता, काठच्या आंब्यांचा मोहोर घमघमत होता... आणि सरकारी मत्स्यव्यवसाय खात्यातली चतुरा धुमसत धुमसत पलीकडच्या काठाला निघाली होती. धुमसणार नाही तर काय? परवाना काढून कुणीही इथं गळ टाकावा अशी सोय खात्यानं केली होती, आणि ती सगळी तिच्या हवाली होती. औरंगाबादहून हौशी माणसं यायची, दिवसभर पाण्याकडं बघत बसायची आणि रिकाम्या पिशव्या हलवत घरी जायची. माशांचं बियाणं तर तिनं स्वतः उभं राहून सोडलं होतं. मग मासे गेले कुठं?

"पोरी, तुझ्या तळ्यात मासे हायेत का नुसते बेडूक?" रोज गळ घेऊन बसणारे पेन्शनर नानासाहेबही आता विचारू लागले होते.

त्यात खात्याच्या साहेबांचा निरोप आला होता. शिमग्याआधीच्या रविवारी पाहणी. मासा गळाला लागताना दिसला नाही, तर लोकांची ही सोय बंद, तलाव ठेकेदाराच्या जाळ्याला आणि चतुराची बदली नांदेडला. नांदेडशी तिचं वैर नव्हतं हो... पण या तलावावर तिचा जीव जडला होता.

पलीकडं वडाखालच्या पायरीवर एक उंच तरुण बसला होता. शेजारी लूना मोपेड उभी, मांडीवर पितळी डबा. त्यानं पाण्यावर तळव्यानं हलकेच थाप मारली — आणि पाणी उकळल्यासारखं खदखदलं. रोहू, कटला, मृगळ... सगळं तळं त्याच्या पायाशी येऊन तोंडं उघडत होतं!

"ओ! काय चाललंय इथं?" चतुरा पळतच आली.

तो असा दचकला की डबा पाण्यात जाता जाता वाचला. "कणकेच्या गोळ्या टाकतोय. तेवढंच पुण्य..."

"तुमच्या पुण्यापायी माझी बदली व्हायलीय! समदे मासे इथं पोटभर जेवून झोपतेत. तिकडं गळाला कोण तोंड लावंल?"

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. पळत आल्यानं लाल झालेला चेहरा, वाऱ्यानं विस्कटलेली बट... आणि तो चक्क हसला. "म्हणजे तुमच्या तळ्यावरचा चोर मीच म्हणायचा."

त्याचं नाव मधुसूदन. खुलताबादच्या बँकेत नोकरी, घर औरंगाबादला. माशांना गोळ्या घालायचा नेम त्याच्या आईचा, यमुनाबाईंचा. त्यांचे गुडघे धरले, तसा तो लेकाच्या गळ्यात पडला. बँकेत जाता जाता रोज सकाळी तो इथं थांबायचा.

"एवढा नेम कशापायी?" चतुरानं विचारलं.

मधुसूदनचे कान तांबडे झाले. "माझं लग्न ठरावं म्हणून."

चतुराला हसू आवरेना. "आन् ठरलं का?"

"अजून तरी... मासेच येतात."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. गोळ्या बंद झाल्या का ते बघायला, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. गोळ्या बंद झाल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तिनं वेणीत अबोलीचा गजरा माळला. आता गोळ्या तपासायला गजरा कशाला लागतो, हे तिला कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

"मॅडम, मासे आवडतात तुम्हांला?" एकदा त्यानं विचारलं.

"बघाया लई आवडतेत. माळकऱ्याची लेक हाय मी. सांभाळते, खात नाय."

"मग आमच्या घरात तुमचं छान..." तो थांबला.

"आमचं काय?"

"काही नाही... गोळी टाका ना तुम्हीपण."

ती पाण्यावर वाकली. डब्यात दोघांचे हात एकदमच गेले आणि दोघांनीही लगेच मागं घेतले. बिचारे मासे तोंडं उघडून बसले होते, पण त्यांची आठवण दोघांनाही नव्हती!

रविवार जवळ आला तशी मात्र चतुराची झोप उडाली. शेवटी तिनं धीर केला. "एक काम कराल? रविवारी तिकडं, गळवाल्यांच्या घाटावर या. अशीच थाप मारा. मासे तिकडं येतील, साहेब खूश होतील."

 मधुसूदननं डब्याचं झाकण लावलं. "चतुरा," पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली, "तुमच्यासाठी काहीही करीन... पण हे नाही. माझ्या हाकेला ते विश्वासानं येतात. त्यांना बोलावून गळावर कसं घालू?"

"मग जाऊ द्या मला नांदेडला!" ती तरातरा निघाली. राग आला होता... आणि त्या रागातही माणूस फार आवडला होता. यापेक्षा मोठी पंचाईत ती कुठली?

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. लूनाचा फटफट आवाज नाही, डब्याचा खणखणाट नाही. चतुरा रोज वडाकडं बघायची. आपणच जीभ आवरायला हवी होती, असं तिला राहून राहून वाटत होतं. मासे थोडे दिवस पायरीशी घुटमळले आणि मग पोटाच्या मागे लागून तळंभर पांगले.

रविवारी साहेब आले. आले न आले तोच नानासाहेबांची काठी कमानीसारखी वाकली. "आरं धरा... धरा!" चांगला दणदणीत रोहू! मग शेजारच्याला कटला लागला, पलीकडच्याला मृगळ. घाटावर नुसती जत्रा झाली. गळ चालू राहणार, बदली रद्द, असं साहेबांनी तिथंच सांगून टाकलं.

"आणखी काही हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय साहेब. वडाखालच्या काठाला गळ नको. माशांना बी इसाव्याला एक जागा असावी."

साहेबांनी मान डोलावली. सगळं मनासारखं झालं होतं, आणि तरी चतुराचं लक्ष वडाकडंच होतं. माणसं पांगल्यावर ती वडाखाली गेली. पायरीवर बसली. पाण्यावर हलकेच थाप मारली. एकही मासा आला नाही. तिनं पुन्हा मारली...

"ते नाही येणार. मी आलोय, चालेल?"

मागं मधुसूदन उभा होता. तोच डबा हातात घेऊन.

"कुठं होतात इतके दिवस?" ती झटकन उठली.

"घाटावर बोलावणं जमलं नसतं. पण गोळ्या बंद करणं तर हातात होतं. आईला सांगितलं, माशांना सध्या उपास आहे."

"आन् त्यांनी ऐकलं?"

"छे. अबोला धरला. मग खरं सांगावं लागलं... की नेम मोडला तर मोडू दे, पण चतुरा नांदेडला गेली तर मला करमणार नाही. मला तुम्ही हव्यात, चतुरा. रोज सकाळी भांडायला... जन्मभर."

चतुरानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी लई भांडते."

"ठाऊक आहे."

"मग... हाय मी तयार."

रस्त्यावर रिक्षा थांबली होती. यमुनाबाई लेकाच्या खांद्याचा आधार घेत पायरीपर्यंत आल्या आणि चतुराला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नेम मोडला म्हणून याच्याशी बोलत नव्हते मी. मग वाटलं, अगं बाई, नेम होता तरी कशासाठी?" त्यांनी डबा चतुराच्या हातात ठेवला. "घे. पुरा झाला माझा. आता रोज नको, गळवाल्यांनाही मासे लागू देत. गुरुवारच्या गुरुवारी तू घालत जा... आणि हा गाडी चालवील."

चतुरानं गोळी घेतली, मधुसूदनकडं पाहिलं आणि दोघांनी मिळून पाण्यावर थाप मारली.