एकावन्न नंबरचं सेशन

सोमवारी सकाळी मी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच काउंटर दोनवरच्या ताई दारात हजर.

"मॅडम, तुमचं मशीन परत रुसलंय."

सर्व्हर बिघडला की तो माझा असतो. नीट चालत असला की ऑफिसचा. जन्ममृत्यू नोंदणीच्या या कार्यालयात मी अठरा वर्षं डेटाबेस सांभाळतेय, पण आज सगळं छान चाललंय हे सांगायला अजून कुणी माझ्या दारात आलेलं नाही.

"काय झालं?"

"कुणाचंही नाव शोधायला घेतलं की नुसतं चक्र फिरत बसतं. शुक्रवारी तुम्ही गेल्यावर तुमच्याच लेकीचा दाखला काढायला घेतला, तेव्हापासून. बाहेर तीस माणसं ताटकळलीयत आणि एक आजोबा मला कायदा शिकवतायत."

ठकीचा दाखला मीच मागितला होता. पोरगी नऊ वर्षांची झाली तरी आमच्याकडे दवाखान्यातून मिळालेला जुना हातानं लिहिलेला कागदच होता. शाळेला नव्या नमुन्यातला, नंबर असलेला दाखला हवा होता. ताईंना मी चिठ्ठी दिली होती, सवडीने काढा म्हणून.

माझी खोली तळमजल्याच्या टोकाला आहे. खिडकी नाही, एसी चोवीस तास चालू, त्यामुळे मी बारा महिने स्वेटर घालून बसते. मी स्क्रीन उघडली आणि पहिल्यांदा डिस्क पाहिली. लॉगची जागा चौऱ्याण्णव टक्के भरली होती. शुक्रवारी निघताना साठ होती.

लॉग म्हणजे सर्व्हरची वही. कुठलीही नोंद करण्याआधी तो आधी काय होतं आणि आता काय केलं, हे त्या वहीत लिहून ठेवतो. काम पक्कं झालं की वहीची ती पानं पुन्हा वापरता येतात. पण एखाद्याने काम सुरू करून अर्धवट सोडलं, पक्कंही केलं नाही आणि रद्दही केलं नाही, तर त्याच्यापासून पुढची सगळी पानं अडकून पडतात. शिवाय तो ज्या ज्या ओळीला हात लावून बसलाय, त्या ओळीसाठी बाकीच्यांना रांगेत थांबावं लागतं. असं काहीतरी अडकलंय हे उघड होतं. महिन्यातून दोनदा होतं. कुणीतरी फॉर्म उघडा टाकून चहाला जातो आणि माझ्या डोक्याला ताप.

ताईंचा शुक्रवारचा शोध रांगेत उभा होता. त्याच्यामागे बाकी सगळे. आणि तो स्वतः थांबला होता एकावन्न नंबरच्या सेशनमागे. सेशन म्हणजे एखाद्या टर्मिनलवरून सर्व्हरशी झालेली एक जोडणी.

एकावन्न नंबर सुरू झाल्याची वेळ पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

हा सर्व्हर आम्ही घेतला त्यालाच चार वर्षं झालीत. त्याच्याआधी दोन बदलले. सेशन ज्या टर्मिनलवरून आलं होतं, ते मोठ्या दवाखान्यातलं नोंदी भरायचं टर्मिनल होतं, आणि ते सात वर्षांपूर्वी भंगारात गेलं. भंगाराच्या यादीवर माझीच सही आहे.

मी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो माझ्याच हाताखाली शिकून तिकडे गेलेला.

"मॅडम, असं सेशन असूच शकत नाही."

"मग माझ्यासमोर काय आहे?"

"घड्याळ चुकलं असेल. रीस्टार्ट करून बघा ना एकदा."

जेवणाच्या सुट्टीत साहेबांची परवानगी काढून मी सर्व्हर बंद केला. पूर्ण बंद. पंखे थांबले तशी खोली इतकी शांत झाली की बाहेरच्या आजोबांचं बोलणंही ऐकू आलं. पाच मिनिटांनी चालू केला. अजून कुणीही जोडलं गेलं नव्हतं, यादी रिकामी असायला हवी होती. यादीत एकच ओळ होती. एकावन्न. वेळ तीच.

मग मी लॉग वाचायला घेतला. शुक्रवारी तो का फुगला ते आता दिसलं. ताईंनी शोध सुरू केला आणि तेव्हापासून एकावन्नची जुनी सगळी पानं कुठूनशी पुढे येऊन बसली होती. लॉग वाचणं म्हणजे आकड्यांच्या जंगलात शिरणं, डोळ्यांची पार वाट लागते. अर्ध्या तासाने पहिली ओळ हाती लागली. मृत्यूच्या नोंदवहीत नवी नोंद. पुरुष, वय छत्तीस. कारण, रस्ता अपघात. आणि नाव.

नाव माझ्या नवऱ्याचं होतं. मधलं नाव, आडनाव, घराचा तेव्हाचा पत्ता, सगळं बरोबर.

अकरा वर्षांपूर्वी ट्रकने त्याची स्कूटर उडवली होती. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, सासूबाई माझा हात धरून होत्या. डॉक्टर बाहेर आले ते खाली मान घालूनच. हृदय बंद पडलं म्हणाले. मग आतून नर्स धावत आली आणि ते परत आत गेले. चार मिनिटं बंद होतं ते, आणि मग आपोआप सुरू झालं. त्या चार मिनिटांत नोंदी भरणाऱ्या कुणीतरी घाईने फॉर्म उघडला असणार. पुढे तो ना पक्का केला, ना पुसला. इथपर्यंत मला समजत होतं. हे अकरा वर्षं कसं टिकलं, ते समजत नव्हतं.

मी नवऱ्याला फोन केला.

"काय गं? जेवलीस का?"

"हो. तू?"

"आत्ता डबा उघडतोय. का केला होतास?"

"असाच."

"असाच? अठरा वर्षांत पहिल्यांदाच असेल." तो हसला. "बरी आहेस ना?"

"दमलेय जरा," मी म्हणाले. ते खरंच होतं.

फोन ठेवला आणि स्क्रीनवर पाहिलं. एकावन्नच्या नावापुढे 'निष्क्रिय' लिहिलेलं होतं, पण शेवटच्या हालचालीची वेळ आत्ताची होती. थोड्या वेळाने पाहिलं तर ती पुढे सरकली होती. सेशन जिवंत होतं. काहीतरी लिहीत होतं. आणि जे सेशन लिहू शकतं, ते कुठल्याही क्षणी नोंद पक्कीही करू शकतं.

तेव्हा मात्र मी घाबरले. ऑफिसात बसून, अठरा वर्षं हेच काम करून, मला मनापासून वाटलं की त्या बाजूने कुणी एक बटण दाबलं की डबा उघडून बसलेला माझा नवरा तिथेच आडवा होईल. हसण्यासारखं आहे, पण मी हसले नाही.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. सेशन मारता येतं. मारलं की त्याने सुरुवातीपासून जे जे केलं ते सगळं उलट्या क्रमाने पुसलं जातं, आणि वही पहिल्यासारखी होते. मृत्यूची ती ओळ कधी नव्हतीच, असं होतं. नवरा सुटला असता, कायमचा. डिस्कही मोकळी झाली असती.

हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावते. सेशन मारण्याआधी लॉग शेवटपर्यंत वाचायचा. कितीही घाई असो, साहेब डोक्यावर उभे असोत. कारण एका सेशनमधलं काम अर्धं ठेवून अर्धं पुसता येत नाही, जातं तेव्हा सगळं जातं. मी हे एवढं लावून धरते की पोरं माझी नक्कल करतात.

त्या दिवशी मी पहिलीच ओळ वाचली होती. लॉग सत्त्याण्णव टक्क्यांवर होता, डोळे चुरचुरत होते, ताईंनी तिसऱ्यांदा निरोप पाठवला होता. मी आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

स्क्रीनवर उत्तर आलं. मागे घेण्याचं काम सुरू. पूर्ण, शून्य टक्के. अंदाजे उरलेला वेळ, चौतीस कोटी एकाहत्तर लाख सेकंद.

मी कागदावर भागाकार केला. अकरा वर्षं.

त्यात तसं वावगं काही नव्हतं. जेवढा वेळ काम चाललं, साधारण तेवढाच वेळ ते पुसायला लागतो. मी लॉगसाठी जास्तीची डिस्क जोडली, ताईंनी ठकीच्या नावाचा पुन्हा सुरू केलेला शोध रद्द केला, आणि रांग सुटली. बाहेरून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी डोळे मिटून पाच मिनिटं तशीच बसले. आपण त्याला वाचवलं, असं मला वाटत होतं.

चार वाजता ताई चहाचा कप घेऊन आल्या.

"सगळ्यांचं निघतंय हो आता. तुमच्या लेकीचा दाखला तेवढा अडतोय. तिचं नाव टाकलं की चक्र सुरू."

"अजून?"

"अजून. तेवढंच एक."

त्या गेल्या. चहा तसाच राहिला.

हा प्रश्न मला सकाळीच पडायला हवा होता. नवशिक्यालासुद्धा पडला असता. एकावन्नने जर माझ्या नवऱ्याची ओळ धरून ठेवली होती, तर ठकीच्या नावाचा शोध त्याच्यामागे का अडकावा?

मी लॉग पुन्हा उघडला. दुसरी ओळ पहिलीनंतर दोन वर्षांनी होती.

जन्माच्या नोंदवहीत नवी नोंद. मुलगी. आई म्हणून माझं नाव.

त्याखाली ओळी होत्या. हजारो. कुठल्या नोंदवहीत जायच्या त्या ठाऊक नाही, आमच्याकडे असल्या नोंदींची वहीच नाही. पालथी पडली. पहिला दात. भिंत सोडून चार पावलं. पडली, डावा गुडघा, तीन टाके. स्वतःचं नाव वाचलं. तारीख, वेळ, मिनिटं, सगळं होतं. टाके पडले त्या दिवशी मी रजेवर होते, ती तारीख मला पाठ आहे. बरोबर होती.

मी शेवटाकडे गेले. शेवटची ओळ त्याच दिवशी सकाळची होती. सात चाळीस. बसमध्ये चढताना वळून आईला हात केला.

मी बघत असतानाच त्या ओळीपुढे एक शब्द उमटला. रद्द.

थोड्या वेळाने तिच्या वरच्या ओळीपुढे.

मी इंजिनिअरला फोन लावला.

"मागे घेण्याचं काम थांबवता येतं का?"

"नाही मॅडम."

"वीज बंद केली तर?"

"चालू केल्यावर तिथूनच पुढे सुरू होतं. मॅडम, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

"हो," मी म्हणाले. "मीच शिकवलंय."

संध्याकाळी घरी गेले तर ठकी जमिनीवर पसरून चित्र रंगवत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती दूर सरकली नाही, फक्त कोपर माझ्या मांडीवर टेकवलं.

"सकाळी बसमधून मला हात केलास ना?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. "नाही केला."

"केलास गं."

"नाही आई. तू बघ हं, उद्या करीन."

नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "तिला बूट आत ठेवायला सांग आधी."

त्या गोष्टीला आता तीन महिने झाले. मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन पहिल्यांदा तोच आकडा बघते. काल दोन टक्के झाला. नवऱ्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? त्याची तब्येत उत्तम आहे. गुडघा दुखायचा, तोही थांबलाय. ठकीच्या बाई म्हणतात, भागाकार पार विसरलीय, घरी जरा लक्ष द्या. मी लक्ष देते. रोज संध्याकाळी तिला जवळ घेऊन बसते, भागाकार शिकवते, आणि ती दुसऱ्या दिवशी विसरते. मी चिडत नाही. पूर्वी फार चिडायचे.

आज सकाळी ती गणवेश घालून बाहेर आली. जुना शर्ट तोकडा झाला म्हणून त्या सोमवारच्या आधीच नवा घेतला होता, मोजून मापून, मनगटापर्यंत बाह्यांचा. आज बाह्यांतून तिची बोटं तेवढी दिसत होती. तिने दोन्ही हात उडवून दाखवले आणि हसली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाढत्या अंगाचा घेतलास ना? चांगलं केलंस. वर्षभरात बसेल बरोबर."

मी सुईदोरा आणला. तिला समोर उभं करून बाही उलटी केली, दोन बोटं कापड आत दुमडलं. टाके कच्चेच घातले. महिन्याभरात ते उसवून बाही आणखी आत घ्यावी लागणार होती.