नकार बिअरला होता

एस्बेनने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी ऑफिसच्या सिंकमध्ये बिअर ओतत होते.

शुक्रवार, दुपारचे चार. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात, आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात त्या वेळी कॉम्प्युटर बंद होतात आणि फ्रीज उघडतो. आमचा बॉस प्रेबेन स्वतः प्रत्येकाच्या हातात बाटली देतो. मी ती आत नेऊन रिकामी करायचे, तिच्यात पाणी भरायचे आणि हसत बाहेर यायचे. दारू सोडून सात महिने झाले होते. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

"आवडली नाही वाटतं?" दारातून आवाज आला. नवा आलेला, उंच, सायकलवरून भिजून आलेला.

"गरम होती," मी म्हणाले.

"आत्ता फ्रीजमधून काढलेली?" तो हसला. "नाव काय तुझं?"

"टिल्डे."

"टिल्डे, तुला खोटं बोलता येत नाही."

पण त्याने पुढे काही विचारलं नाही. नुसता बघत राहिला... आणि मला ते बघणं आवडलं, हीच पंचाईत.

आमची टेबलं शेजारीशेजारी आली. तो माझ्या पेन्सिली पळवायचा, मी त्याच्या नकाशातल्या खिडक्यांना नावं ठेवायचे. मग एका बुधवारी तो म्हणाला, "संध्याकाळी एक बिअर घ्यायची? आपण दोघंच..."

आमच्याकडे प्रेमाची सुरुवात याच वाक्याने होते.

"नाही जमणार," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा मात्र त्याने मान हलवली. "समजलं. आता नाही विचारणार."

त्यानंतर माझ्या पेन्सिली जागच्या जागी राहू लागल्या. सांगावंसं वाटायचं, पण भीती होती — सांगितलं की मी त्याच्यासाठी टिल्डे राहणार नाही, बिचारी होणार.

डिसेंबरात ऑफिसचं नाताळचं जेवण आलं. भर दुपारी बाराला बसलो. हेरिंग मासे, काळा पाव आणि बर्फगार स्नॅप्स, म्हणजे इथली कडक दारू. इथे पाणी भरायची सोय नव्हती. प्रेबेन टेबलाभोवती फिरून स्वतः पेले भरत होता.

"टिल्डे, तुझा तसाच आहे की," तो म्हणाला. "नव्या ग्रंथालयाच्या इमारतीचं काम तुझ्यावर सोपवायचं म्हणतोय मी, आणि तू आमच्याबरोबर एक पेला घेत नाहीस?"

सगळे हसले. मी पेला उचलला. वास नाकात शिरला आणि माझ्या अंगाला सगळं आठवलं. एक घोट... कुणाला कळणार होतं? मला कळणार होतं.

समोर एस्बेन हसत नव्हता.

मी पेला खाली ठेवला. "मी पीत नाही. एकदा सुरू केली की मला थांबता येत नाही. म्हणून सोडली."

प्रेबेन बाटली हातात धरून उभा राहिला. "आधी सांगायचं ना," असं पुटपुटत त्याने माझा पेला स्वतःच पिऊन टाकला. काम मिळणार की गेलं, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

मी कोट घेऊन बाहेर पडले. पावसात बर्फ मिसळला होता. मागून एस्बेन आला, कोट न घालताच.

"म्हणजे त्या तिन्ही वेळा..."

"नकार बिअरला होता. तुला नव्हता."

तो जवळ आला. अगदी जवळ. वाकला — आणि मी मागे सरले.

"तुझ्या तोंडाला स्नॅप्सचा वास येतोय," मी कसंबसं म्हणाले. "मला तो झेपणार नाही, एस्बेन."

संपलं, असं वाटलं. पण तो तोंडावर हात धरून दोन पावलं मागे गेला.

"किती वेळ राहतो हा?"

"सकाळपर्यंत."

"मग सकाळी आठला येतो. राहतेस कुठे?"

शनिवारी आठला दहा कमी असताना बेल वाजली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात टूथपेस्टचा पांढरा ठिपका राहिला होता.

"तीनदा घासलेत," तो म्हणाला. "बघ तपासून."

मी तपासून पाहिलं.