उष्टा आकडा

आंबेखाडीचा आकडा चौतीसवरून तेहतीसवर घसरला त्या मंगळवारी गावात कोणी दचकलं नाही. नगरपंचायतीच्या दारावरच्या फलकावर तो उमटला, दोन म्हाताऱ्यांनी तो वाचला आणि दोघे दोन दिशांना आपापल्या घरी गेले. आकडा का घसरतो हे कळायला त्या दोघांकडे पाहिलं असतं तरी पुरे होतं.

सरकारी कागदावर त्या आकड्याचं नाव 'सहवासांक' होतं. लोक त्याला 'उष्टा आकडा' म्हणत, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही लोकांचंच नाव जास्त बरोबर होतं. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. प्रत्येकाच्या पोटातलं त्यांचं मिश्रण वेगळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. पण एका ताटात जेवणारी, एकमेकांचा पेला तोंडाला लावणारी माणसं आपले काही जंतू एकमेकांना देत राहतात. नेमका त्याच वाणाचा जंतू दोन माणसांत सापडला की त्याला 'सहजंतू' म्हणायचं. गावाचं सगळं मैलापाणी शेवटी शुद्धीकरण केंद्रात येतं. तिथलं एक यंत्र त्या पाण्यातून एकेका माणसाचे जंतू वेगळे काढायचं आणि शंभरातल्या किती जणांच्या पोटात दुसऱ्या कोणाचा तरी सहजंतू आहे ते सांगायचं. जनगणनेला आलेल्या माणसाला लोक सांगतात, मुलगा येऊन-जाऊन असतो. संडासात कोणी खोटं बोलत नाही.

हे यंत्र निघालं ते एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना शोधून त्यांची विचारपूस करायला. पण चांगल्या यंत्राला दुसरं काम चिकटायला वेळ लागत नाही. पुरापासून गावं वाचवायला अनुदान देणाऱ्या किनारा निधी मंडळाने अभ्यास करून ठरवलं की जिथे माणसाला माणूस नाही, ते गाव पुरानंतर पुन्हा उभं राहत नाही. मग तिथे भिंती कशाला बांधायच्या? माणसं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली की झालं. सहवासांक चाळीसच्या खाली असेल तर मंडळ त्या गावाचा प्रस्ताव उघडतही नसे.

आंबेखाडीचा प्रस्ताव असा तीनदा न उघडता परत आला होता. तो लिहिणारा माणूस एकच होता. दिनानाथ शिगवण, वय एकसष्ट, केंद्राचा चालक. मैला उतारानेच वाहतो, म्हणून केंद्र गावातल्या सगळ्यात खोल जागी, काजवी नदीला लागून बांधलेलं. पूरही आधी तिथेच यायचा. सात वर्षांपूर्वी आला तेव्हा पाणी टाक्यांवरून गेलं, पंप बुडाले, मैलापाणी विहिरींत उतरलं आणि गावात कावीळ पसरली. अकरा माणसं गेली. त्यातली एक दिनानाथची बायको, प्रमिला. तेव्हापासून केंद्रामागच्या दोन खोल्यांत तो एकटा राहायचा. त्याला नदीच्या बाजूने बारा फुटांची भिंत हवी होती आणि पंप उंचावर हवे होते. याखेरीज आयुष्याकडून त्याचं काही मागणं उरलेलं नव्हतं.

मार्गशीर्षात डॉ. नसीम मुकादम यंत्र तपासायला आली. हे यंत्र ज्यांनी शोधलं त्यांतली ती एक. मूळची रत्नागिरीची, त्यामुळे दिनानाथला तिच्याशी बोलताना अवघडायला होत नसे.

"मॅडम, तेहतीसचं चाळीस कसं करायचं ते सांगा. फॉर्मात काय भरू?"

"फॉर्मात भरून होणार नाही, काका. लोकांच्या पोटात भरावं लागेल."

"म्हणजे पंगत घालू?"

"पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं. त्याने काही होत नाही. एका भांड्यात सगळ्यांचे हात पडले पाहिजेत. आठवड्यातून चार-पाचदा, निदान दोन महिने."

"म्हणजे उष्टं खायचं, असंच ना?"

"तेच. आम्ही त्याला फार लांबलचक नाव दिलंय."

दिनानाथ जरा घुटमळला. "खोटेपणा नाय ना व्हायचा? नुसतं आकड्यासाठी जेवायचं म्हणजे..."

"जंतू खरेच असतील. माणसं कशासाठी जेवली ते यंत्राला कळत नाही." नसीमने समोरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "एक विचारू? यंत्र नीट चालतंय की नाही ते बघायला आपण दर आठवड्याला तुमचाच नमुना घालतो. तुम्ही सात वर्षं एकटे राहता ना?"

"हाय की. तुम्हाला ठावूक हाय."

"यंत्र तुम्हाला एकटं धरत नाही. त्या तेहतीस टक्क्यांत तुम्ही आहात."

दिनानाथ हसला. "मग बिघडलंय ते."

"बिघडलेलं नाही. तुमच्या पोटात नऊ सहजंतू आहेत. यंत्र बसवलं तेव्हा काकी होत्या, त्यांच्या तेव्हाच्या नोंदीशी जुळलेले. माणूस गेल्यावर बहुतेकांत ते एक-दोन वर्षांत जातात. तुमच्यात टिकले, कारण..." ती थांबली. "कारण त्यानंतर तुम्ही कोणाबरोबर जेवलाच नाहीत."

दिनानाथचा हात आपोआप पोटावर गेला. सात वर्षांत प्रमिलाची त्याच्याकडे उरलेली एकच जिवंत गोष्ट, आणि ती आपल्याजवळ आहे हे त्याला आज कळत होतं.

"मी त्या भांड्यात हात घातला तर?"

"आतड्यात जागा मोजकी असते, काका. नवे आले की जुने हटतात."

"सगळे?"

"राहणार नाहीत," नसीम म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही.

पटसंख्या संपून बंद पडलेल्या शाळेच्या ओसरीत दिनानाथने दहीकाला सुरू केला. रोज दुपारी बारा वाजता, एक मोठी परात, भोवती गोल बसायचं, सगळ्यांचे हात त्याच परातीत. वर्षातून एकदा गोकुळाष्टमीला हे चालतं. रोज म्हटल्यावर गाव बिथरलं. जन्मभर मुलांच्या हातावर फटके मारून 'उष्टं करू नको' शिकवलेली माणसं ती. पहिल्या दिवशी नऊ जण आले आणि परातीत आपापली हद्द आखून जेवले. आठ दिवसांनी हद्दी मिटल्या. कोणाच्या हाताला मीठ जास्त पडतं यावरून वाद व्हायला लागले, म्हणजे गाडी रुळावर आली. महिन्याभरात तीन ओसऱ्यांत तीन पराती झाल्या. आकडा पस्तीस झाला, मग सदतीस.

तिथेच तो अडला. दिनानाथ काला कालवायचा तो लांब दांड्याच्या डावाने, मग परात मध्ये ठेवून भिंतीला टेकून उभा राहायचा. स्वतः एक घास घेत नसे. ही गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर यायला वेळ लागला, पण आल्यावर जाईना. तो मैल्याच्या टाकीवर काम करणारा माणूस. एकाने म्हटलं, त्याला आपलं उष्टं चालत नाही. दुसऱ्याने म्हटलं, आकडे त्याला कळतात, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार. माघ संपता संपता दोन पराती बंद पडल्या. आकडा छत्तीसवर आला. प्रस्तावाची मुदत चैत्रअखेरपर्यंत होती.

पेठेबाई रोज यायच्या, पण त्याही जेवत नसत. याच शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं शिकवलं होतं. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. खुर्चीवर बसून घरून आणलेला स्वतःचा डबा उघडायच्या. लोक म्हणत, बाईंचं सोवळं कडक आहे. एक दिवस सगळे उठून गेल्यावर त्यांनी दिनानाथला हाक मारली.

"तू का जेवत नाहीस रे?"

"पोट बरं नाय, बाई."

"चौथीत होतास तेव्हाही तुला खोटं बोलता येत नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. नऊ जंतूंचं, नसीम मॅडमचं, प्रमिलाचं. बाईंनी डबा बंद केला.

"आमच्या ह्यांना जाऊन अठरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "त्यानंतर माझं उष्टं कोणी खाल्लेलं नाही, मीही कोणाचं नाही. लोक सोवळं म्हणतात. सोवळं कसलं डोंबलाचं? कोणी ये म्हणून हाताला धरलंच नाही."

"मी रोज बोलवतंय की सगळ्यांना."

"भिंतीला टेकून बोलवतोस. मी तुला जेव म्हणणार नाही. ते माझ्या तोंडून निघणार नाही. भिंत कोणासाठी हवी आहे तेवढं सांग."

"तिच्यासाठीच. ती गेली तसं आणखी कोणी जाऊ नये." आपण काय बोलून बसलो ते त्याला लगेच कळलं: तिला पोटात जपण्यासाठी तोच ती भिंत अडवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डाव बाजूला ठेवला, हात धुतले आणि परातीपाशी मांडी घातली. बसण्याआधी तो खुर्चीकडे गेला होता आणि बाईंना हाताला धरून घेऊन आला होता. चौदा माणसं बघत होती. त्याने काल्यात हात घातला आणि घास तोंडात टाकला. समोरून बाईंचा सुरकुतलेला हात आला, त्याने घास घेतला तिथूनच त्यांनी घेतला.

"आंबट झालाय," बाई म्हणाल्या.

दिनानाथला रडू आलं. सगळ्यांसमोर, आवाज न करता, चांगलं पाच मिनिटं तो रडत होता आणि जेवत होता. कोणीतरी विचारलं तेव्हा मिरची लागली म्हणाला. त्या दिवशी काल्यात मिरची नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून माणसं परत यायला लागली.

चैत्रात आकडा बेचाळीस झाला. मंडळाने प्रस्ताव उघडला आणि मंजूर केला. नसीमचा फोन आला.

"अभिनंदन, काका. तुमची नोंद सांगू?"

"नको, मॅडम."

ती एवढंच म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला नाही.

मंजुरीनंतर पराती हळूहळू उठल्या. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. काम झालं होतं आणि ऊन वाढलं होतं. पावसाळा संपल्यावर पेठेबाईंना त्यांचा भाचा पुण्याला घेऊन गेला. दिनानाथ काही दिवस बारा वाजता ओसरीत परात मांडून बसला. एकदा तीन माणसं आली, एकदा एक आलं, मग त्याने परात घासून पालथी घातली. पुढच्या ज्येष्ठाच्या आत भिंत उभी राहिली.

श्रावणात काजवी भरून आली. पाणी भिंतीला अकरा फूट चढलं. दिनानाथ तीन दिवस केंद्रातून हलला नाही. पंप चालू राहिले, टाक्या कोरड्या काठाच्या राहिल्या, विहिरीचं पाणी तपासलं तर स्वच्छ. गावात एका माणसाला साधा जुलाबही झाला नाही. घराघरांतून त्याच्या फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं आली. "भिंत टिकली," तो मोठ्याने म्हणाला. त्याला खरोखर फार बरं वाटलं होतं, आणि ते कोणाला तरी सांगायचं होतं.

पाणी ओसरल्यावर आठवड्याने, सकाळी तो गाळ उपसत असताना फोन वाजला. आवाज कोणा अनोळखी बाईचा होता, मऊ आणि यंत्रात आधी भरून ठेवलेला.

"नमस्कार. आपण दिनानाथ शिगवण बोलत आहात ना? आरोग्य खात्याकडून आपली विचारपूस करत आहोत. या आठवड्याच्या आपल्या नमुन्यात कोणाचाही सहजंतू आढळलेला नाही."

अर्ध्या गावाला असा फोन येऊन गेला होता, त्याला कधी आला नव्हता. परातीतले जंतू चार महिन्यांचे पाहुणे होते. जेवणं थांबली तसे तेही निघून गेले. जाताना एकतीस वर्षांच्या संसारातले नऊही त्यांनी हुसकावले होते.

"आपल्यासोबत घरी कोणी राहतं का?"

"होती," दिनानाथ म्हणाला.

"माफ करा, आपलं उत्तर समजलं नाही. आपल्यासोबत घरी कोणी राहतं का? कृपया हो किंवा नाही म्हणा."

त्याने हातातलं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. आवाजाने तिसऱ्यांदा, तितक्याच आपुलकीने, तेच विचारलं.

"नाही," दिनानाथ म्हणाला.