निळ्या दोऱ्याची डिपस्टिक

"साहेब, लाँचचं इंजिन जाम झालंय. लवकर या. मालकीणबाई मिस्त्रीवर उखडल्यात, पण त्याचा काही दोष नाही हो!"

फोन सुकाणूवाल्याचा होता. बोटींचा तपासनीस लगेच निघाला. त्याला थांब म्हणणारं घरी कोणी नव्हतंच. मुलगी दूरच्या शहरात गेल्यापासून दाराला कुलूप लावणं एवढंच काय ते घरकाम उरलं होतं.

लाँच ओढून धक्क्याला बांधली होती. सकाळी खाडीपलीकडचे प्रवासी आणायला ती रिकामीच निघाली आणि मध्यावर बंद पडली. उघडून पाहतात तर इंजिनात तेल जेमतेम निम्मं! गळती म्हणावी तर तळ कोरडा ठणठणीत.

"तेल बघितलंच नसणार यानं," मालकीणबाई कडाडल्या. "उद्या मुलाकडे कायमचं राहायला निघालाय ना, लक्ष कशाला लागतंय! नोकरीच्या दाखल्यावर 'निष्काळजी' असाच शेरा मारणार मी."

सव्वीस वर्षं त्या इंजिनाची उस्तवार केलेला मिस्त्री पांढराफटक पडला होता.

"तेल कसं बघितलंस?" तपासनिसानं विचारलं.

"रोजच्यासारखंच. इंजिन थंड, लाँच पाण्यावर सपाट. तेल मोजायची डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा पार खाली बसवली, मग वाचली. तेल वरच्या खुणेला होतं. मुलाची शपथ!"

डिपस्टिकच्या मुठीला निळा दोरा गुंडाळलेला होता.

"हा कशाला?"

"खाली उजेड कमी. चाचपलं की हाताला लागतो. बांधून कैक वर्षं झाली."

तपासनिसानं दोरा निरखला. त्याला तेलाचा एक डागही नव्हता.

वर सुकाणूवाला एकटाच बाकावर बसला होता. शेजारी दोघांच्या जेवणाचा डबा तसाच बंद पडून होता.

"तेलाच्या दाबाचा काटा तुझ्या नाकासमोर. काय दाखवत होता?"

"ठीक होता की. अगदी शेवटपर्यंत."

तपासनिसानं काटा काढून पंपावर लावून पाहिला. चोख चालत होता.

"या लाँचच्या आधी कुठे होतास?"

"ती मोठी," सुकाणूवाल्यानं शेजारी गंजत पडलेल्या लाँचकडे हात केला. "तिच्यावर."

तपासनीस त्या लाँचवर जाऊन आला. मग त्यानं सगळ्यांना बोलावलं.

"मिस्त्री खरं बोलतोय. खोटी आहे ती ही डिपस्टिक. मोठ्या लाँचच्या इंजिनाची, चार बोटं जास्त लांब. ती जास्त खोल जाते, म्हणून निम्म्या तेलातही वरची खूण भिजते. मोठ्या लाँचवरची जागा रिकामी आहे, आत्ताच पाहिली. मिस्त्री चाचपून काढतो, म्हणून कुणीतरी तिला नवा दोरा बांधला. तेल कमी झालं की आधी काटा पडतो, मग इंजिन बसतं. काटा पडताना पाहूनही जो गप्प राहिला, त्यानंच तेल काढलं."

सुकाणूवाल्यानं बाकाखालून फडक्यात बांधलेली जुनी डिपस्टिक काढली. तिच्यावरचा दोरा तेलानं काळा झाला होता.

"इंजिन बसलं की दुरुस्तीला दोन महिने," तो मान खाली घालून म्हणाला. "तेवढे दिवस हा राहिला असता. याच्यावर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही, साहेब. आलं तेव्हा तुम्हाला फोन केला."

"अरे गाढवा," मिस्त्रीचा आवाज फाटला, "नुसतं थांब म्हणायचं होतंस!"

"म्हटलं असतं तर थांबला असतास?"



तपासनिसानं अहवाल लिहिला. मिस्त्रीच्या दाखल्यावर शेरा पडला नाही आणि सुकाणूवाल्याचा परवाना जप्त झाला. मिस्त्रीनं जुन्या डिपस्टिकचा काळा दोरा सोडवला आणि सुकाणूवाल्याच्या हातात ठेवला. मग डबा उघडून त्याच्या शेजारी बसला.

तपासनीस धक्क्यावर आला. खिशातून फोन काढून त्यानं मुलीचा नंबर लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही गं," तो म्हणाला. "तू गेलीस त्या दिवशी थांब म्हणायचं राहून गेलं होतं."